तापाने विरघळलेली गाठ: विल्यम कोली नावाच्या तरुण सर्जनची गोष्ट

(या भागाचं लिखित रूप. दोनदा म्हटलेली वाक्यं आणि मधेच वाजलेली दारावरची बेल काढून टाकली आहे. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)



आजचा भाग एका व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डमुळे झाला. माझ्या मावशीची केमोथेरपी चालू आहे. तिसरी सायकल झाली त्या आठवड्यात कुणीतरी तिला एक मेसेज पाठवला. वर कोट-टाय घातलेल्या एका गोऱ्या डॉक्टरचा जुना, काळा-पांढरा फोटो. खाली लिहिलेलं की या डॉक्टरने १३० वर्षांपूर्वी नुसत्या तापाने कॅन्सर बरा केला आणि औषध कंपन्यांनी ते जगापासून लपवलं. त्याखाली कसल्यातरी काढ्याची कृती, अंगात ताप आणणारा म्हणे. आणि शेवटी, केमो ताबडतोब बंद करा. मावशीने तो मेसेज मला पाठवला आणि खाली एक ओळ लिहिली, ‘अगं, हे खरं आहे का?’

मी टाइप केलं, ‘खोटं आहे, डिलीट कर.’ पाठवणार, तेवढ्यात फोटोखालचं नाव वाचलं. विल्यम कोली. आणि हात थांबला. कारण हा माणूस खरा होता. त्याने खरंच पेशंटना ताप आणला होता. आणि त्यातल्या काही जणांच्या गाठी खरंच विरघळल्या होत्या.

मग आता मावशीला काय सांगायचं?

तर आज कोलीची गोष्ट. आडनाव कोली, वेसाव्याच्या कोळ्यांशी काही संबंध नाही, आधीच सांगून ठेवते. जन्म १८६२, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातला. येल विद्यापीठातून पदवी घेतली, मग दोन वर्षं ओरेगॉनमध्ये शाळेत लॅटिन आणि ग्रीक शिकवलं. हो, भाषेचे मास्तर होते साहेब. मग डोक्यात आलं की डॉक्टर व्हायचं. हार्वर्डमधून १८८८ मध्ये डॉक्टरकीची पदवी घेतली आणि न्यूयॉर्क हॉस्पिटलमध्ये सर्जरीचं काम शिकायला लागला. १८९० मध्ये तो २८ वर्षांचा होता. हुशार, मेहनती, वरिष्ठांचा आवडता. सगळं छान चाललं होतं.

त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरला त्याच्याकडे एक मुलगी आली. एलिझाबेथ डॅशिएल, घरात सगळे बेसी म्हणायचे. वय १७. उन्हाळ्यात ती रेल्वेने लांबच्या प्रवासाला गेली होती, तेव्हा डब्यातल्या दोन सीटच्या मधे तिचा उजवा हात चेमटला. एवढंसं दुखणं. पण सूज उतरेना आणि वेदना वाढत चालल्या. कोलीला आधी वाटलं, हाडाच्या आवरणाला संसर्ग झालाय, आत पू असेल. छोटी चीर दिली. पू जवळजवळ निघालाच नाही. आपल्या वरिष्ठांना, डॉ. विल्यम बुल यांना दाखवलं. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये बुल यांचं सर्जन म्हणून मोठं नाव होतं. शेवटी तिथला तुकडा काढून मायक्रोस्कोपखाली पाहिला, तेव्हा कळलं की हा सार्कोमा आहे. हाडाचा, मांसाचा कॅन्सर.

लक्षात घ्या, एक्स-रेचा शोध लागायला अजून पाच वर्षं होती. रेडिएशन नाही, केमो नाही, स्कॅन नाही. सर्जनच्या हातात एकच गोष्ट, चाकू. ८ नोव्हेंबरला कोलीने तिचा हात कोपराच्या खाली कापला. १७ वर्षांच्या मुलीचा उजवा हात.

आणि उपयोग झाला नाही. काही आठवड्यांत गाठी अंगभर उठल्या. कोली जात राहिला, बघत राहिला. २३ जानेवारी १८९१ ला बेसी गेली. हात चेमटल्यापासून ते मरणापर्यंत सगळं मिळून जेमतेम सहा-सात महिने.

बेसीचा एक जवळचा मित्र होता, तिला बहीण मानायचा. त्याचं नाव जॉन डी. रॉकफेलर ज्युनिअर. हो, तेच रॉकफेलर, अमेरिकेतल्या सगळ्यात श्रीमंत माणसाचा मुलगा. हे नाव लक्षात ठेवा, शेवटाकडे पुन्हा येणार आहे.

आता इथे मला थोडं थांबायचंय. सर्जनच्या आयुष्यात मृत्यू काही नवा नसतो. त्या काळात तर नाहीच. कोली काय करू शकला असता? दोन दिवस गप्प बसला असता आणि तिसऱ्या दिवशी पुढचं ऑपरेशन. बहुतेक सगळे तेच करतात, आणि करावंच लागतं. पण हा गेला हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये. मागच्या १५ वर्षांतल्या सार्कोमाच्या सगळ्या केसेस त्याने काढल्या आणि एकेक वाचायला घेतली. हाताने लिहिलेले कागद. बहुतेकांचा शेवट एकच. पेशंट दगावला. पेशंट दगावला. पेशंट दगावला.

आणि मग एक केस, जिचा शेवट तसा नव्हता.

फ्रेड स्टाईन. जर्मनीहून आलेला गरीब स्थलांतरित. मानेवर सार्कोमा. पुन्हा पुन्हा ऑपरेशन केलं, गाठ पुन्हा पुन्हा आली. शेवटच्या ऑपरेशनमध्ये ती पूर्ण काढताच आली नाही, जखम उघडीच राहिली. डॉक्टरांनी आशा सोडली. त्यात त्या जखमेला संसर्ग झाला, इरिसिपेलसचा. कातडी लालबुंद होते, सूज भराभर पसरते, थंडी वाजून ताप फणफणतो. आपल्याकडची जुनी माणसं याला धावरं म्हणायची, कारण ते अंगावर धावत सुटतं. अँटिबायोटिक्स नव्हती तेव्हा सर्जन लोक याला वाघासारखे घाबरायचे. वॉर्डात एकाला झालं की शेजारच्या खाटा रिकाम्या व्हायच्या.

स्टाईनला ताप चढला, उतरला, पुन्हा चढला. आणि दर तापाबरोबर मानेवरची गाठ लहान होत गेली. शेवटी गाठ उरलीच नाही. माणूस चालत घरी गेला. रेकॉर्ड तिथेच संपलं.

ही १८८४-८५ ची गोष्ट. कोली ती वाचतोय १८९१ मध्ये. तुमच्या-माझ्यासारख्याने काय केलं असतं? ‘काय योगायोग!’ म्हणून पान उलटलं असतं. कोली त्या माणसाला शोधायला निघाला. हातात पत्ता नाही. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडमध्ये, जिथे जर्मन स्थलांतरित राहायचे, तिथल्या दाटीवाटीच्या इमारतींत, म्हणजे आपल्या गिरणगावातल्या चाळींसारख्या म्हणा, तो दारोदार फिरला. कित्येक दिवस. आणि एक दिवस एका दारात मानेवर भलामोठा व्रण असलेला माणूस उभा. धडधाकट. कोली त्याला घेऊन बुल यांच्याकडे गेला, कारण ऑपरेशन त्यांनीच केलं होतं. बुल यांनी ओळखलं. हाच तो.

मला या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात आवडता प्रसंग कुठला, तर हाच. कारण इथे कोलीने दोन गोष्टी केल्या. चमत्काराची गोष्ट ऐकून तो हुरळला नाही, आणि ती उडवूनही लावली नाही. गाठ खरंच सार्कोमाची होती का? माणूस खरंच जिवंत आहे का? स्वतः जाऊन पाहिलं. फॉरवर्ड करण्याआधी चेक केलं, असं म्हणा हवं तर.

पुढे मात्र प्रकरण गुंतागुंतीचं होतं.

कोलीने विचार केला, निसर्गाने चुकून केलं ते मुद्दाम करून पाहू. इरिसिपेलस कशाने होतो हे तोपर्यंत कळलं होतं, जर्मनीत फेलआयझेन नावाच्या डॉक्टरने त्याचा जिवाणू वेगळा काढला होता. स्ट्रेप्टोकॉकस. कोलीचा पहिला पेशंट झोला नावाचा इटालियन माणूस. टॉन्सिलवर आणि मानेत सार्कोमा, गिळता येत नाही, बोलता येत नाही. मे १८९१ मध्ये कोलीने जिवंत जिवाणू त्याच्या गाठीत टोचायला सुरुवात केली. हो, जिवंत. आज कुठली एथिक्स कमिटी याला परवानगी देईल? कुठलीच नाही. आणि बरोबरच आहे.

थोडा फरक पडला, पण म्हणावा तसा ताप येईना. मग जर्मनीहून, थेट रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेतून जास्त जहाल जिवाणू मागवले. कॉख म्हणजे टीबीचा जिवाणू शोधणारे. ऑक्टोबरमध्ये ते टोचले. तासाभरात हुडहुडी, अंग भाजेल असा ताप, माणूस मरतो की काय अशी अवस्था. आणि मानेतली गाठ फुटून वाहायला लागली. दोन आठवड्यांत नाहीशी. झोला त्यानंतर आठ वर्षं जगला.

आता खरी बाजू. पुढच्या पेशंटपैकी काहींना संसर्ग लागलाच नाही, मग ताप नाही, काही नाही. आणि दोघांना इतका लागला की ते त्यानेच गेले. कॅन्सरने नाही, कोलीच्या इंजेक्शनने. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मेसेजमध्ये हे दोघं नसतात. कधीच नसतात. कोलीने मात्र १८९३ मध्ये पेपर लिहिला तेव्हा आपल्या दहा केसेस मांडल्या, आणि पद्धत बदलली. जिवंत जिवाणू सोडून दिले. दोन प्रकारचे जिवाणू वाढवायचे, उष्णतेने मारायचे आणि त्यांचं मिश्रण टोचायचं. म्हणजे अंगात घुसलेला शत्रू मेलेला, पण शरीराला ते माहीत नाही. ते लढाईला उभं राहतंच. याला पुढे नाव पडलं ‘कोलीज टॉक्सिन्स’.

या मिश्रणाचा पहिला पेशंट १६ वर्षांचा मुलगा, जॉन फिकेन. पोटात मोठी गाठ, ऑपरेशनच्या पलीकडे गेलेली. २४ जानेवारी १८९३ ला पहिलं इंजेक्शन. तारीख बघा, बेसीला जाऊन दोन वर्षं आणि एक दिवस. मला माहीत नाही कोलीच्या मनात ते होतं की नाही. थोडा डोस, मग थोडा वाढवून, दर काही दिवसांनी, प्रत्येक वेळी ताप. चार महिने. गाठ आटत गेली. तो मुलगा पुढे २६ वर्षं जगला आणि हार्ट अ‍ॅटॅकने गेला.

मग तुम्ही म्हणाल, अहो, मग झालंच की! मेसेज खरा निघाला. इतकं चांगलं औषध होतं तर गेलं कुठे?

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. कुणी लपवलं नाही. पार्क-डेव्हिस नावाची अमेरिकेतली मोठी औषध कंपनी १८९९ पासून जवळपास पन्नास वर्षं ते बनवून विकत होती. लपवलेलं औषध असं कॅटलॉगात नसतं. ते मागे पडलं त्याची कारणं वेगळी आहेत, आणि खरं सांगायचं तर जास्त बोचणारी आहेत.

पहिलं म्हणजे ते सगळ्यांना लागू पडायचं नाही, आणि कुणाला पडेल हे कोलीलाही सांगता यायचं नाही. दुसरं, हे मिश्रण बनवायची एक पद्धत नव्हती. डझनाहून जास्त प्रकार निघाले, काही कडक, काही इतके फिके की ताप सोडा, कणकणसुद्धा यायची नाही. एखादा डॉक्टर पानभर सूचना वाचून, घाबरत घाबरत चार इंजेक्शनं द्यायचा आणि लिहायचा, उपयोग शून्य. कोली कधी गाठीत टोचायचा, कधी शिरेत, कधी स्नायूत. काही पेशंटना सोबत ऑपरेशन, काहींना नंतर एक्स-रे. मग बरा झाला तो नेमका कशाने? पेशंटचा पाठपुरावाही नीट झाला नाही. ज्याने एका स्टाईनसाठी गल्लोगल्ली पालथी घातली, त्याच कोलीच्या स्वतःच्या शेकडो पेशंटच्या नोंदी अर्धवट राहिल्या. मला हे वाचून वाईट वाटलं. आणि टीकाकार म्हणायचे, जो बरा झाला त्याला मुळात सार्कोमा नव्हताच, निदान चुकलं असणार. यावर उत्तर द्यायला कोलीकडे पुरेसे कागद नव्हते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलने तर १८९४ मध्येच हा प्रकार साफ फसला असं जाहीर करून टाकलं होतं.

आणि सगळ्यात मोठं कारण, हे चालतं कसं, हे कुणाला कळत नव्हतं. खुद्द कोलीला वाटायचं की कॅन्सर हा कुठल्यातरी जंतूपासून होतो आणि त्याचं विष त्या जंतूला मारतं. पाहिलं ते बरोबर, कारण लावलं ते चूक. त्याचा दोष नाही. ज्यांच्यामुळे त्याचे पेशंट बरे झाले असावेत त्या टी पेशी काय काम करतात, हे समजायला १९६० चं दशक उजाडावं लागलं.

दरम्यान नवा पाहुणा आला, रेडियम. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये, जिथे कोली हाडांच्या कॅन्सरचा विभाग पाहायचा, तिथेच जेम्स ईविंग नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते. ईविंग सार्कोमा हे नाव ऐकलं असेल, तेच. त्यांचा रेडिएशनवर पूर्ण भरवसा, कोलीच्या टॉक्सिनवर अजिबात नाही. डग्लस नावाच्या खाणमालकाने हॉस्पिटलला पैसा आणि रेडियम दिलं, आणि ईविंग यांचं पारडं जड झालं. रेडिएशन मोजता यायचं, सगळीकडे सारखं देता यायचं, गाठ डोळ्यांदेखत लहान व्हायची. ताप नाही, हुडहुडी नाही. मी तेव्हाची डॉक्टर असते तर मीही बहुतेक रेडियमच निवडलं असतं. कोली १९३६ मध्ये गेला तेव्हा त्याची पद्धत जवळपास विस्मरणात गेली होती.

गोष्ट इथे संपली असती. पण कोलीला मुलगी होती.

हेलन. कॉलेजला गेली नव्हती, विज्ञानाचं शिक्षण नाही. वडील गेल्यावर त्यांचं चरित्र लिहावं म्हणून तिने जुने कागद शोधले. कनेटिकटमधल्या घराच्या कोठारात खोकीच्या खोकी मिळाली, हजारो पत्रं आणि नोंदी. वाचता वाचता ती चरित्र विसरली आणि वडिलांनी जे करायचं राहून गेलं होतं ते करायला बसली. एकेक पेशंट शोधायचा. डॉक्टरांना पत्रं लिहायची, जगला का, किती वर्षं, निदान कुणी केलं होतं. एक नाही, दोन नाही, हजाराच्या आसपास केसेस तिने जुळवल्या. आपल्याकडे म्हणतात ना, बापाचं देणं लेकीने फेडलं, तसलाच प्रकार. मोठमोठ्या डॉक्टरांनी तिला उभं केलं नाही. ही कोण बाई आम्हाला शिकवणार?

१९५३ मध्ये तिने एक संस्था काढली, कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट. सुरुवातीचे २,००० डॉलर दिले नेल्सन रॉकफेलर यांनी. बेसीच्या त्या मित्राचा, रॉकफेलर ज्युनिअरचा मुलगा. आता कळलं, नाव का लक्षात ठेवायला सांगितलं होतं?

आणि तरी, १९६५ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने कोलीज टॉक्सिन्सला सिद्ध न झालेल्या उपचारांच्या यादीत टाकलं. दहा वर्षांनी, १९७५ मध्ये काढलं. त्याच १९७५ मध्ये हेलनच्या संस्थेशी जोडलेला शास्त्रज्ञ लॉइड ओल्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक पदार्थ शोधल्याचं जाहीर केलं, ट्यूमर नेक्रॉसिस फॅक्टर. जिवाणूंची चाहूल लागली की आपल्याच पेशी तो सोडतात. म्हणजे कोलीच्या इंजेक्शनने अंगात काय काय पेटत असेल, त्याचा पहिला धागा.

सोपं करून सांगते. जिवाणूच्या कवचाचे तुकडे दिसले की आपल्या पांढऱ्या पेशी धोक्याची घंटा वाजवतात. त्या गोंधळात आतापर्यंत ‘आपलीच’ म्हणून दुर्लक्ष केलेली कॅन्सरची पेशीही कधी कधी नजरेत येते. ताप हे त्या घंटेचं एक लक्षण. औषध ताप नव्हता. काढ्याने अंग गरम केलं म्हणजे घंटा वाजली असं होत नाही.

बरं, आता एक गंमत. तुमच्या डाव्या दंडावर वरच्या बाजूला एक गोल, खड्ड्यासारखी खूण असेल. बघा हात लावून. बीसीजी, टीबीची लस. हीच बीसीजी ट्यूमर रोखते का, हे लॉइड ओल्ड यांनी १९५९ मध्ये उंदरांवर दाखवलं होतं. १९७६ मध्ये कॅनडात डॉ. मोरालेस यांनी ती मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये थेट मूत्राशयात सोडून वापरली. १९९० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. आज सुरुवातीच्या टप्प्यातल्या मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी जगभर हा नेहमीचा उपचार आहे, आणि त्यासाठीची बीसीजी पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही बनवते. कोलीची कल्पना अशी सरळ औषधाच्या दुकानात जाऊन बसली, फक्त त्याच्या नावाशिवाय.

अजून एक सर्जन सांगायचा राहिला. ही गोष्ट १९६८ ची, बॉस्टनजवळच्या वेस्ट रॉक्सबरीमधल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलमधली. स्टीव्हन रोझेनबर्ग, वय २७-२८. कोलीच्याच वयाचा. पित्ताशयाच्या दुखण्याचा एक म्हातारा पेशंट आला. जुने कागद पाहिले तर १२ वर्षांपूर्वी याला पोटाचा कॅन्सर होता, यकृतात पसरलेला, आणि डॉक्टरांनी पोट शिवून घरी मरायला पाठवलं होतं. रोझेनबर्गला वाटलं, कागद चुकले असतील. जुनी स्लाइड मागवून पाहिली, कॅन्सरच. ऑपरेशन करताना त्याने हाताने यकृत चाचपलं. गाठ नाही. कुठेच नाही.

पुन्हा तोच क्षण. आणि या पोराने काय केलं? या म्हाताऱ्याच्या रक्तात काहीतरी असेल म्हणून परवानगी घेऊन ते रक्त पोटाच्या कॅन्सरच्याच दुसऱ्या पेशंटला दिलं. काही झालं नाही. तो पेशंट वारला. भाबडा प्रयोग होता, पण त्यातून रोझेनबर्गला आयुष्यभराचा प्रश्न मिळाला. १९७४ मध्ये तो अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये सर्जरीचा प्रमुख झाला, आणि इंटरल्यूकिन-२ नावाच्या पदार्थाने टी पेशी वाढवून पेशंटना द्यायला लागला. डझनावारी पेशंट गेले. एकालाही गुण नाही. सहकारी विचारायचे, कशाला? त्याने प्रत्येक अपयश नोंदवलं. नोव्हेंबर १९८४ मध्ये नौदलात काम करणारी एक तरुण स्त्री आली, मेलानोमा झालेली, शरीरभर पसरलेला. जबर डोस दिला, ती मरता मरता वाचली, आणि गाठी विरघळल्या. १९८५ च्या डिसेंबरमध्ये पेपर आला, २५ पेशंट, त्यातल्या ११ जणांच्या गाठी निम्म्याहून कमी झाल्या. २५ पैकी ११. लक्षात येतंय का, काय बदललं? उरलेले १४ पण पेपरमध्ये आहेत.

(त्याच वर्षी जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांना कॅन्सर झाल्याचं पत्रकारांसमोर सांगणारा डॉक्टर हाच. विषयांतर झालं, पण राहवलं नाही.)

इथून पुढची गोष्ट खूप मोठी आहे, ती वेगळ्या भागात घेऊ. फक्त एक टप्पा सांगते, कारण तो आपल्या दाराशी आहे. पेशंटच्याच टी पेशी काढायच्या, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं आणि परत अंगात सोडायच्या, याला कार-टी म्हणतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात तयार झालेल्या पहिल्या कार-टी उपचाराला इथे मान्यता मिळाली, नाव नेक्सकार१९. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या लोकांनी मिळून केलेलं काम, आणि त्यात रोझेनबर्गच्याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांचं सहकार्य होतं. किंमत अमेरिकेतल्या उपचाराच्या साधारण एक दशांश. तरीही लाखांतच. आणि चालतं ते रक्ताच्या काही ठरावीक कॅन्सरमध्ये. माझ्या मावशीच्या कॅन्सरमध्ये नाही. विचारलं मी.

तर मावशीला काय लिहिलं?

आधी फोनच केला. म्हटलं, डॉक्टर खरा आहे, मेसेज खोटा आहे. मग तिला बेसीची गोष्ट सांगितली, स्टाईनची सांगितली, त्या दोघांचीही सांगितली जे इंजेक्शनने गेले. ती म्हणाली, ‘मग काढा घेऊ नको ना?’ म्हटलं, अजिबात नको. आणि ऐक, केमोत पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, तुझ्याकडे आत्ता लढायला सैन्यच नाहीये. ताप १०० पूर्णांक ४ च्या वर गेला तर तो शुभशकुन नाही. रात्रीचे दोन वाजलेले असोत, तडक हॉस्पिटल गाठायचं. तिच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी दिलेल्या कागदावर हे लिहिलेलं होतं. तो कागद देवघराच्या फळीवर होता, पंचांगाखाली. काकांनी काढून फ्रिजवर लावला. थर्मामीटर सापडत नव्हता, तो त्या संध्याकाळी नवीन आणला.

चौथी सायकल परवा आहे. मी जाणार आहे तिच्यासोबत, त्यामुळे पुढचा भाग एक आठवडा उशिरा येईल. तोपर्यंत तुमच्या घरच्या ग्रुपवर असा एखादा मेसेज आला असेल तर मला पाठवा. काढ्याची कृती तेवढी वगळून.